अंगाची भूक: सतत उड्या मारणाऱ्या, चावणाऱ्या, आदळणाऱ्या मुलांबाबत या चुका टाळा

संध्याकाळी सात वाजता सोफ्याच्या पाठीवर चढून फरशीवर उडी. उठला की परत वर. आई कुकर लावतेय, आजी "अरे पडशील रे" म्हणून हाका मारतेय, खालच्या मजल्यावरून फोन येऊन गेलाय. आठवी उडी पहिलीपेक्षा जोरात असते. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांच्या कितीतरी घरांत हे रोज चालतं, आणि त्याला मस्ती, हट्ट, 'हायपर' अशी नावं पडतात.

आपलं शरीर कुठे आहे, कसं हलतंय याची खबर मेंदूला आतल्या कानातून आणि स्नायू-सांध्यांतून मिळत असते. काही मुलांना रोजच्या हालचालीतून ती पुरेशी मिळत नाही, म्हणून ती धडकून, चावून, गरगरून जास्तीची मिळवतात. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, थोडक्यात ओटी) १९६० आणि ७० च्या दशकांत याची मांडणी केली. २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतही संवेदनांना कमी-जास्त प्रतिसाद देणं धरलं जातं. थोडक्यात, ही अंगाची भूक आहे. जेवण वेळेवर वाढलं तर मूल डबे उचकत नाही, तसंच इथेही आहे. आणि चुका होतात त्या बहुतेक वेळेच्याच.

दुखणं न तपासता 'सेन्सरी' (संवेदनांची भूक) म्हणून मोकळं होणं

कान ठणकत असेल तर बोलू न शकणारं मूल डोकं आपटतं. दाढ दुखत असेल तर सापडेल ते चावतं. रात्री ढुंगण खाजवणं, झोपेत चुळबुळ करणं हे जंतांमुळे असू शकतं. शी हाताला लावणं, भिंतीला फासणं यामागे बऱ्याचदा जुनी बद्धकोष्ठता असते. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन आणि लोह तपासायलाच हवं. जुन्या रंगाचे पोपडे खात असेल तर रक्तातलं शिसंही.

एखादं वागणं अचानक सुरू झालं किंवा आठवडाभरात एकदम वाढलं, तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि दातांचे डॉक्टर, मग थेरपी. मधेच टक लावून थबकत असेल आणि हाक मारूनही भानावर येत नसेल, तर तो फिटचा प्रकार असू शकतो. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

उडी मारल्यावर धावणं

सगळ्यात मोठी चूक हीच. मूल सोफ्यावरून उडी मारतं, आपण त्याला उचलून घट्ट धरतो, गुदगुल्या करतो, नाहीतर शांत व्हावं म्हणून झोक्यावर नेतो. त्याला हवा होता तो दाब उडीनंतर मिळाला, आणि वर आईही मिळाली. उद्या तो आणखी उंचावरून उडी मारणार. वागणं थांबवायला म्हणून जे करतो, त्यानेच ते पक्कं होतं.

याच्या उलट, पूर्ण दुर्लक्षही इथे चालत नाही. लक्ष वेधण्यासाठी केलेलं वागणं दुर्लक्षाने हळूहळू कमी होतं (सुरुवातीचे काही दिवस वाढतंही). पण अंगाच्या भुकेचं बक्षीस शरीराच्या आतच मिळतं. खोलीत कुणी नसलं तरी उड्या चालूच राहतात.

म्हणून आधी वही घ्या. पाच रकाने आखा: वेळ, त्याच्या आधी काय चाललं होतं, नेमकं काय केलं, किती वेळ, नंतर आपण काय केलं. सलग सात दिवस लिहा. एकटा असतानाही होतं का, की फक्त अभ्यास काढल्यावर? की तुम्ही फोनवर बोलत असताना? अभ्यास काढल्यावरच होत असेल तर तो अभ्यास चुकवण्याचा मार्ग आहे, तिथे झोका देऊन उपयोग नाही. अभ्यासच छोटा आणि सोपा करायला हवा. एकटेपणीही होत असेल तर भूक अंगाची आहे, आणि वहीतून तिची वेळ कळते. सात वाजता उड्या होत असतील तर पावणेसातला वाढायचं.

काय वाढायचं? स्नायू-सांध्यांवर जोर येईल असं काम. हे बहुतेक मुलांना मानवतं आणि त्याने सहसा उत्तेजना वाढत नाही. महागडी साधनं लागत नाहीत, आपल्या घरात ही कामं भरपूर आहेत. कणीक मळणं घ्या. परात जमिनीवर ठेवा, मुलाला गुडघ्यांवर बसवा, म्हणजे खांद्यांतून अंगाचा भार हातांवर येतो. ओट्याशी स्टुलावर उभं केलं तर फक्त बोटं हलतात आणि फायदा अर्धा होतो. दोन वाट्या पिठाची कणीक पुरीच्या पिठासारखी घट्ट भिजवा. पोळीची मऊ कणीक लगेच दबते, तिच्यावर जोर लागत नाही. तळहाताच्या मुळाने ढकलायला शिकवा, सुरुवातीला तुमचे हात त्याच्या हातांवर ठेवून. पाच मिनिटं पुरेत. कच्चं पीठ तोंडात टाकत असेल तर हे काम सोडा आणि दुसरं घ्या: पिळे काढून ओले टॉवेल पिळणं, खलबत्त्यात दाणे कुटणं (तुम्ही समोर असतानाच), जुन्या चादरीवर रद्दी ठेवून ती या खोलीतून त्या खोलीत ओढत नेणं, दोन्ही तळहातांनी भिंत ढकलत दहा आकडे मोजणं, तेही तीनदा. झाडांना पाणी घालताना २० किलो वजनाच्या मुलाच्या बादलीत दोन लिटर पाणी पुरे.

दर दीड-दोन तासांनी ५ ते १० मिनिटं, हे साधारण सुरुवातीचं माप. शाळेत जाण्याआधी, शाळेतून आल्यावर, अभ्यासाआधी, जेवणाआधी. पळापळीचे, हसवून लोळवणारे खेळ झोपेच्या तासभर आधी बंद. बाबा रात्री नऊला घरी येऊन लेकराला हवेत उडवतात, तेव्हा दोघांनाही आनंद होतो. पण मग अकरापर्यंत झोप लागत नाही. तोच खेळ रविवारी सकाळी ठेवा.

आणि हे बक्षीस किंवा शिक्षा म्हणून कधीही वापरू नका. "आधी पाच गणितं, मग झोका" म्हणणं म्हणजे उपाशी मुलाला आधी धावायला सांगणं. खोडी केली म्हणून पीटी बंद केली, तर पुढचे दोन तास वर्गात काय होईल हे सांगायला नको.

एका भुकेवर दुसरंच खाऊ घालणं

कॉलर चावणाऱ्या मुलाच्या हातात स्पंजचा चेंडू दिला जातो. तो चेंडू टाकतो, परत कॉलर. भूक जबड्याची आहे, हाताची नाही. पर्याय त्याच जागेला आणि तितक्याच जोराचा हवा. कशाने चावतोय ते बघा. पुढच्या दातांनी कुरतडत असेल तर गाजराच्या लांब फोडी, खाकरा, कडक भाकरीचा पापुद्रा चालतो. दाढेखाली दाबत असेल तर चघळण्याची सिलिकॉनची नळी दाढेपर्यंत जाईल अशी घ्या. गळ्यात घालायचं चघळण्याचं छोटं पेंडंट दाढेला पुरत नाही. जाडसर ताक किंवा मिल्कशेक स्ट्रॉने प्यायला दिल्यावर काही मुलं बरीच निवतात. नळीला भेग पडली की ती लगेच फेका, तुकडा घशात जाऊ शकतो. अख्खे दाणे, चणे चार-पाच वर्षांखालच्या किंवा नीट न चावणाऱ्या मुलाला देऊ नका. गिळण्याचा त्रास असलेल्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला काय द्यायचं हे आधी स्पीच थेरपिस्टला विचारा.

शी फासणाऱ्या मुलाची पोटाची तक्रार दूर झाल्यावरही सवय राहिली, तर दिवसातून दोन वेळा, ठरल्या जागी, ओली शाडू माती किंवा भिजवलेली कणीक हाताळू द्या. रात्री पाठीवर चेन असलेला एकसंध नाइटसूट घाला. साफ करताना चेहरा कोरा ठेवा आणि बोलणं अगदी कमी. रागावून बोललेली पाच मिनिटंही त्याच्यासाठी पाच मिनिटांची सोबत असते.

झोका: जास्त म्हणजे चांगलं नव्हे

पुढे-मागे, संथ, एका लयीतला झोका शांत करतो. गरगर फिरवणं चेतवतं. घरात मात्र नेमकं उलट होतं: मूल चेकाळलेलं असतं, त्याला फिरायला आवडतं म्हणून आपण दोरीला पीळ देऊन सोडतो आणि मग ते आणखी चेकाळतं. मोठ्यांनी मुलाला गरगर फिरवूच नये. ते स्वतः फिरत असेल तर फिरू द्या, पण नजर चेहऱ्यावर ठेवा. चेहरा पांढरा पडला, घाम आला, उचक्या किंवा जांभया सुरू झाल्या, हसणं आवरेनासं झालं, की थांबवा. परिणाम थांबल्यावरही काही काळ उरतो. झोक्यानंतर लगेच जेवायला बसवू नका. आधी पाच मिनिटं ओढण्या-ढकलण्याचं काम द्या. फिट येत असतील तर झोक्याविषयी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत कोलांट्या आणि ट्रँपोलिन नको.

हुक पीओपीच्या सिलिंगला कधीच नको. आरसीसी स्लॅबमध्ये अँकर फास्टनर बसवून घ्या. जोरात झोका घेताना हुकावरचा ताण मुलाच्या वजनाच्या तिपटीपर्यंत जातो, धक्के बसले तर त्याहूनही वर. मूल बसवण्याआधी मोठ्या माणसाने लटकून बघावं, खाली गादी टाकावी. आणि साडीची किंवा ओढणीची झोळी असेल तर मुलाला एकटं सोडून क्षणभरही उठू नका. गळ्याला पीळ पडायला वेळ लागत नाही आणि आवाजही येत नाही.

वजन आणि दाब

वजनदार ब्लँकेटने झोप येते अशी जाहिरात असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत ऑटिझम असलेल्या मुलांची झोप त्याने वाढली नाही, जरी मुलांना आणि पालकांना ते आवडलं. आवडत असेल तर जागेपणी, सोफ्यावर, तुमच्या देखत वापरा. स्वतःच्या हाताने ते काढता येत नसेल अशा मुलावर घालूच नका. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये २००८ साली शाळेत अशा ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या ९ वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलाचा जीव गेला. गुंडाळणं आणि पांघरणं यात जीवन-मरणाचं अंतर आहे.

दाब द्यायचाच तर गादीवर पालथं झोपवा, मान एका बाजूला, डोकं पूर्ण मोकळं. पाठीवर उशी ठेवून तळहातांनी दाबा, अंगाचा भार टाकू नका. पाच दाब झाले की थांबून विचारा, "अजून?" बोलत नसेल तर हाताची खूण शिकवा. तो निसटायला लागला की तत्क्षणी सोडा. वजनाचं जॅकेट ओटीने (ऑक्युपेशनल थेरपिस्टने) सांगितल्याशिवाय नको. ब्रशने अंग घासण्याची पद्धतही व्हिडिओ बघून करू नका. तिच्या बाजूने पुरावा तुटपुंजा आहे.

घरातून आजच काढायच्या वस्तू

पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटात जाऊन आतडं बंद करतात. खेळण्यांतली छोटी चुंबकं दोन गिळली गेली तर आतड्याला भोक पडतं. बटण सेल गिळल्याचा संशय जरी आला तरी ओकारी न काढता थेट हॉस्पिटल गाठा. पाण्याची ओढ असलेल्या मुलासाठी बाथरूमला वरची कडी, पिंपाला घट्ट झाकण. गावाकडे सुट्टीला गेल्यावर विहीर आणि हौद कुठे आहेत हे पहिल्या तासात बघून ठेवा.

शाळेत "हलू नकोस"

न हलण्यावरच सगळं लक्ष गेलं तर फळ्यावर काय लिहिलंय ते कुठून दिसणार? बाईंना भेटून तीन गोष्टी मागा. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना जमिनीपासून वीतभर उंचीवर जुनी सायकल ट्यूब ताणून बांधा. मूल पायांनी ती दाबत राहतं, आवाज होत नाही, शेजाऱ्याला त्रास नाही. प्रत्येक दोन तासिकांनंतर एक काम: फळा पुसणं, वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा टीचर्स रूममध्ये नेणं. आणि बसायची जागा कडेला, म्हणजे उभं राहिलं तरी कुणाच्या आड येणार नाही.

हात फडफडवणं, डुलणं, गुणगुणणं यांनी कुणाला इजा होत नसेल आणि शिकणं, झोप अडत नसेल, तर ते सोडून द्या. लोक बघतात हे कारण पुरेसं नाही. लेकराला त्यातून आधार मिळत असतो.

सगळं करूनही फरक पडत नाही तेव्हा

बहुतेक वेळा एकाच आठवड्यात पाच गोष्टी सुरू केलेल्या असतात, आणि कशाने काय झालं तेच कळत नाही. एक बदल, दोन आठवडे, वहीत मोजणी. मोजायला सोपी गोष्ट घ्या: ताटावर किती मिनिटं बसला, दिवसात किती वेळा चावला. दुसरं कारण घरातच असतं. आई सातच्या आधी कणीक देते, आजी दया येऊन उडीनंतर लाडू देते. आजीला दोष देऊ नका. पावणेसातचं काम तिच्याकडेच सोपवा. तिसरं म्हणजे सुट्ट्या, गणपती, लग्नघर. वेळापत्रक मोडलं की भूक वाढते, तेव्हा कामाच्या खेपाही वाढवा. चौथं, माप कमी पडतंय: दहा मिनिटांनीच परत उड्या सुरू होत असतील तर काम आणखी जोराचं द्या, नुसतं लांबवू नका.

थेरपी सुरू असेल तर ओटीला तीन महिन्यांचं ठोस उद्दिष्ट विचारा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ साली हेच सुचवलं होतं: संशोधन मर्यादित आहे, म्हणून उद्दिष्ट आणि मुदत ठरवून बघावं. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे पाठवलं जातं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही त्यात धरलेला आहे.

जाताना सात दिवसांची वही आणि संध्याकाळच्या वेळेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या. दवाखान्याच्या नव्या खोलीत मूल बऱ्याचदा अगदी वेगळं वागतं, आणि घरची सातची वेळ तिथे कुणाला दिसत नाही.