हृदयावरणाचा दाह : या चुका टाळा

छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला आडवे झोपवूनच तपासायचे, ही पहिली चूक. हृदयाभोवतीच्या दुपदरी आवरणाला सूज आली की आडवे पडल्यावर आणि खोल श्वास घेतल्यावर छातीतली चमक वाढते, तर पुढे वाकून बसल्यावर ती उतरते. म्हणून मी रुग्णाला उठवून पुढे वाकवतो, श्वास पूर्ण सोडायला लावतो आणि उरोस्थीच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप घट्ट दाबून ऐकतो. चामड्यावर चामडे घासावे तसा आवाज तेथे मिळतो. तो येतो-जातो, त्यामुळे तासाभराने पुन्हा ऐकावे.

दुसऱ्या चुकीने मात्र माणूस दगावतो. धाप, सुजलेले पाय आणि फुगलेले पोट दिसले की लॅसिक्स, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारे औषध, टोचायचे, हा आपल्याकडचा परिपाठ झाला आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत पांढरकवड्याकडून एक बाई आमच्याकडे आली. तीन आठवडे संध्याकाळचा ताप, दुसरीकडे दोन दिवस लॅसिक्स झालेले, वरचा रक्तदाब ८० पर्यंत उतरलेला. नवरा म्हणाला, “चार राती झाल्या जी, ते गोधडीचं गाठोडं पोटाशी धरून बसल्या बसल्याच झोपते.” मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या होत्या, हृदयाचे ठोके लांबून आल्यासारखे क्षीण होते आणि श्वास आत घेताना मनगटावरची नाडी बोटाखालून निसटत होती. शल्यविशारद क्लॉड बेक यांनी १९३५ मध्ये सांगितलेली तिन्ही लक्षणे, म्हणजे उतरलेला रक्तदाब, फुगलेल्या शिरा आणि क्षीण ठोके, समोर होती. आवरणात साचलेले पाणी हृदयाला दाबत असते, तेव्हा हृदय भरते ते शिरांतल्या दाबावरच, आणि लॅसिक्स नेमका तोच कमी करते. आम्ही ते थांबवले, सलाईन लावले आणि तिला नागपूरला पाठवले. तेथे सुईने ८०० मिली रक्ताळ पाणी काढले. कारण क्षयरोग निघाले. सहा महिन्यांची औषधे तिने पूर्ण केली.

डेक्साच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, सुईने झटपट गुण दाखवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दुखणे रातोरात थांबते हे खरे. पण साध्या विषाणूजन्य दाहात सुरुवातीलाच स्टेरॉइड दिल्याने आजार उलटण्याची शक्यता वाढते, आणि आत क्षयरोग दडलेला असेल तर निदान लांबते. मी आयब्युप्रोफेन ६०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी, जेवणानंतर, पित्ताच्या गोळीसह एक-दोन आठवडे देतो, आणि सोबत दाह उतरवणारे कोल्चिसीन ०.५ मिलिग्रॅम तीन महिने. वजन ७० किलोंपेक्षा कमी असेल तर कोल्चिसीन दिवसातून एकदाच, आणि आपल्याकडचे बहुतेक शेतमजूर त्यातच मोडतात. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही.

दुखणे थांबले म्हणून दहाव्या दिवशी कोल्चिसीन बंद करू नये.

दुखणे आणि सीआरपी (रक्तात दाह दाखवणारी तपासणी) दोन्ही उतरेपर्यंत वावरातले जड काम नको.

ईसीजीच्या आलेखातला एसटी हा भाग उचललेला दिसताच स्ट्रेप्टोकायनेज, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध, देण्याची घाईही नको. हृदयविकाराच्या झटक्यात तो ठरावीक लीड्समध्ये, म्हणजे हृदयाची एखादीच बाजू दाखवणाऱ्या आलेखांत, उचलला जातो. आवरणाच्या दाहात जवळजवळ सगळीकडे, आणि आलेखातला पीआर हा भाग खाली गेलेला असतो. अशा रुग्णाला ते औषध दिले तर आवरणातच रक्तस्राव होऊ शकतो.