नवी बॅटरी आणायला निघताय? पोल मोजलेत का?

गेल्या हिवाळ्यात मी गाडीला कोरी करकरीत बॅटरी बसवली आणि गाडी सुरूच झाली नाही. किल्ली फिरवली की डॅशबोर्ड झगमगायचा, वायपर हलायचे, हॉर्न खणखणीत वाजायचा, आणि सेल्फ मारला की फक्त एक ‘टक्’. दोन दिवस मी त्या बॅटरीला शिव्या घालत होतो. बॅटरी बिचारी धडधाकट होती. चूक माझी होती आणि ती जेमतेम पाच मिलिमीटरची होती. आता घरातल्या दुसऱ्या गाडीची बॅटरी मान टाकायच्या बेतात आहे, म्हणून या वेळी सगळं आधीच लिहून काढतोय. परदेशात राहून जुनी जपानी गाडी चालवणारे माझ्यासारखे बरेच आहेत, त्यांच्याही कामी येईल.

सुरुवातीला बॅटरीच गेलीय ना, एवढं बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ किंवा खाली म्हणजे उतरलेली. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप देऊन इंजिन सुरू केलंत आणि तरीही आकडा बाराच्या आसपासच रेंगाळतोय, साडेतेरा-चौदापर्यंत चढतच नाही, तर दुखणं बहुधा अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राचं आहे. मग नवी बॅटरी घालूनही आठवड्यात तीच रड.

आता मुख्य गोष्ट. बॅटरीवर शिशाचे जे दोन खुंट असतात त्यांना मी पोल म्हणतो, वायरीच्या टोकाला त्या खुंटावर बसणारी जी पकड असते तिला क्लॅम्प. तर पोलची जाडी मोजा. लांबी-रुंदी सगळे मोजतात, मीही मोजली होती. प्लस कुठल्या बाजूला आहे ते सगळे बघतात, मीही बघितलं होतं. पोल किती जाड आहे ते बघायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. सगळ्या बॅटऱ्यांचे पोल सारखेच असणार, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. जाड पोलवाल्या बॅटरीचा प्लस साधारण १९.५ मिलिमीटर आणि मायनस १७.९ असतो. बऱ्याच जपानी छोट्या गाड्यांत येणाऱ्या बारीक पोलवाल्या बॅटरीचा प्लस १४.७ आणि मायनस १३. बाहेरून डबा तोच, उंची तीच, अँपिअर तेच.

जपानी बॅटरीवरचा नंबर नीट वाचला तर हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. माझ्या जुन्या बॅटरीवर होतं ‘५५बी२४एलएस’. ५५ हा ताकदीचा दर्जा, ‘बी’ म्हणजे डब्याची रुंदी-उंची, २४ म्हणजे सेंटीमीटरमध्ये अंदाजे लांबी, ‘एल’ म्हणजे प्लस कुठल्या बाजूला ते, आणि शेवटचा ‘एस’ म्हणजे जाड पोल. ‘बी’ डब्याच्या बॅटरीत ‘एस’ नसेल तर बारीक. मी लेबलचा फोटो काढला तेव्हा बॅटरी दाबून धरणारी लोखंडी पट्टी नेमकी त्या शेवटच्या अक्षरावरून गेली होती. फोटोत आलं ‘५५बी२४एल’, तेच मी काउंटरवर दाखवलं, तेच मला मिळालं. घरी येऊन जाडा क्लॅम्प बारीक पोलवर चढवला, नट शेवटापर्यंत आवळला, क्लॅम्पची दोन्ही टोकं एकमेकांना भिडली, आणि मला वाटलं, काय घट्ट बसलंय!

म्हणून पट्टी सोडवा, लेबल ओल्या फडक्याने पुसा आणि मग फोटो काढा. एक लेबलचा, एक वरून दोन्ही पोलांचा, एक बाजूने. फोटोवर विसंबून पोल मोजायचं सोडू नका. मागच्या मालकाने चुकीची बॅटरी घालून त्यावर काहीतरी जुगाड केलेला असू शकतो, तेव्हा क्लॅम्पची आतली गोलाईही बघा. व्हर्निअर नसेल तर कागदाची अरुंद पट्टी पोलच्या बुडाशी गुंडाळा आणि जिथे टोक जुळतं तिथे पेनाने खूण करा. जाड प्लसला घेर सहा सेंटीमीटरच्या आसपास येतो, बारीकला साडेचारच्या. कागदच घ्या. लोखंडी पट्टी घेऊन मोजायला जाऊ नका, ती दोन्ही पोलांना एकदम टेकली तर बोटं भाजतील.

एवढा घोळ परदेशातच का होतो, हे मला नंतर कळलं. दुकानात गाडीचा नंबर टाकला की संगणक बॅटरी सुचवतो. पण ती यादी त्या देशात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या गाड्यांची असते. जपानमधून वापरून आलेली गाडी नावाने तीच असली तरी आतून वेगळी निघू शकते. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवर विश्वास ठेवतो, आपण मुलावर. त्यातून त्याची भाषा आपल्याला अर्धीच येते, त्यामुळे ‘हीच ना?’ असं त्याने विचारलं की मान डोलावून मोकळे होतो. युरोपियन पद्धतीचे आकार तर निराळ्याच नावांनी येतात: एल२, एल३, कुठे एच५, एच६. त्यांचे पोल सहसा जाडच असतात. जपानी गाडीला ‘हीसुद्धा चालेल’ म्हणून तशी बॅटरी कोणी गळ्यात मारत असेल तर ट्रेमध्ये बसते का, वायरी पोचतात का आणि क्लॅम्प चढतो का, हे तिन्ही विचारा. क्लॅम्प बारीक आणि पोल जाड असेल तर क्लॅम्प स्क्रू-ड्रायव्हरने फाकवून हातोडीने ठोकू नका. पोल आतून तडकतो, आणि तशी बॅटरी कोणी परत घेणार नाही.

गाडी सिग्नलला आपोआप बंद होऊन सुरू होणारी असेल तर साधी बॅटरी नको. अशा गाड्यांसाठी एजीएम आणि ईएफबी अशा दणकट प्रकारच्या बॅटऱ्या असतात; जुन्यावर एजीएम लिहिलेलं असेल तर एजीएमच, ईएफबी असेल तर निदान ईएफबी. थंडीत किती करंट देते त्याचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त घ्या, पण तो कोणत्या मानकाने मोजलाय ते बघून. दोन वेगळ्या मानकांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

दुकानात बॅटरी हातात आली की पहिलं काम म्हणजे खिशातली कागदाची पट्टी काढून पोलला गुंडाळणं. लोक बघतील, बघू द्या. मला नंतर दोनदा ये-जा करावी लागली, एकदा बसने, मांडीवर बॅटरी घेऊन. मग तारीख बघा. वर्षभर फळीवर धूळ खात पडलेली नको. मीटर लावायला सांगा, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. पावती जपा, तिच्यावरच वॉरंटी असते. जुन्या बॅटरीसाठी अनामत घेतात का ते विचारून ठेवा.

घरी काय लागेल: दहाचा पाना, तारेचा ब्रश, हातमोजे, चष्मा, जुनं फडकं. बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड शोधून ठेवा. जपानमधून आलेल्या काही गाड्यांची स्क्रीन वीज गेली की कुलूपबंद होते आणि जपानीत कोड मागते. तो कोड तुमच्याकडे नसेल तर गाणी विसरा. किल्ली खिशात ठेवा, गाडीत नाही. वीज परत येताच काही गाड्या स्वतःहून कुलूप लावून घेतात. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडीच राहू द्या, आणि बॅटरीला वायू बाहेर सोडणारी छोटी नळी जोडलेली असेल तर ती नव्या बॅटरीला लावायची आहे, हे ध्यानात ठेवा.

काढताना आधी मायनस. गाडीचा सगळा सांगाडा मायनसला जोडलेला असतो, त्यामुळे प्लस सोडवताना पाना कुठे पत्र्याला टेकला आणि मायनस अजून लागलेला असेल तर जोरदार शॉर्ट होतो. बसवताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. क्लॅम्प आतून चकाकेपर्यंत ब्रशने घासा. नव्या पोलवर प्लास्टिकची टोपी असेल तर ती काढा. (हसू नका, लोक विसरतात.)

आणि आता तेच, पुन्हा. नट आवळून झाला की पाना बाजूला ठेवा, क्लॅम्प दोन बोटांनी धरा आणि फिरवून बघा. तसूभर जरी हलला तरी तो बसलेला नाही. नट घट्ट झाला म्हणजे क्लॅम्प घट्ट झाला असं नसतं. मला हे एका गॅरेजवाल्याने दाखवलं. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. मी हातवारे करून ‘टक्, टक्’ सांगत होतो. त्याने बॅटरीला मीटरसुद्धा लावला नाही. वाकला, क्लॅम्प बोटांत धरला आणि बाटलीचं झाकण फिरवावं तसा गोल फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं.

दिवे लागतात आणि सेल्फ का फिरत नाही, याचं गणित सोपं आहे. सैल जागी ०.०५ ओहम एवढासा अडथळा आहे असं धरा. डॅशबोर्डला पाच अँपिअर लागले तर तिथे पाव व्होल्ट जातो, कळतही नाही. सेल्फ दीडशे अँपिअर खेचायला गेला की साडेसात व्होल्ट त्याच जागी गडप. उरलेल्या साडेचारात ‘टक्’ एवढंच होतं.

जाडा क्लॅम्प आणि बारीक पोल अशी जोडी झालीच, आणि बॅटरी परत घेत नसतील, तर मधे घालायची शिशाची किंवा पितळेची टोपणं मिळतात. प्लसचं वेगळं, मायनसचं वेगळं, अदलाबदल करू नका. स्वयंपाकघरातली फॉइल कोंबू नका. मी कोंबली होती. गाडी एकदा सुरू झाली, मला वाटलं जिंकलो, दुसऱ्या दिवशी पहाटे उणे तापमानात पुन्हा ‘टक्’, आणि फॉइल एका जागी काळी पडलेली.

बॅटरी दाबून धरणारी पट्टी परत लावा, खड्ड्यांत डबा हलता कामा नये.

पुढचं भराभर सांगतो, कंटाळा आलाय. इंजिन सुरू झालं की दहा मिनिटं तसंच चालू ठेवा, सुरुवातीला थोडं वरखाली धडधडेल. मीटरवर साडेतेराच्या वर आकडा येतोय का बघा. काचा पूर्ण वर घेऊन बटण काही सेकंद दाबून धरा, नाहीतर आपोआप वर जात नाहीत. स्टिअरिंगचा दिवा लागला तर बहुतेक वेळा स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून थोडं चालवलं की जातो. काही गाड्यांना, विशेषतः युरोपियन, नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनरने गाडीच्या संगणकाला कळवावं लागतं. घड्याळ लावा. जुनी बॅटरी उभीच ठेवून दुकानात परत द्या, अनामत घेतली असेल तर सोडवा, कचऱ्यात टाकू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेट उघडून क्लॅम्प परत एकदा फिरवून बघा. दोन्ही.