मेणचट डागाला सोडा, पांढऱ्या डागाला आंबट

गॅसमागच्या टाइल्सवर बसतो तो फोडणीच्या वाफेचा मेणचट थर. बाथरूमच्या नळावर बसतो तो बोअरच्या पाण्यातला क्षार. दोन्ही घासून घासून हात दुखेपर्यंत निघत नाहीत, पण नेमकं औषध लावलं तर फार घासावंच लागत नाही. माझ्या सिंकखाली धुण्याचा सोडा, लिंबूसत्व आणि भांड्यांचा साबण एवढंच असतं. सगळं वाण्याकडे मिळतं आणि महिनोन्‌महिने पुरतं.

आधी स्वयंपाकघर. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा (खाण्याचा नव्हे, तो या कामाला फार सौम्य पडतो). हातमोजे घाला, सोड्याने कातडी सोलवटते. जुनं सुती फडकं त्यात भिजवून, पिळून टाइल्सवर चिकटवून ठेवा आणि दहा मिनिटं दुसरं काम करा. सोडा जुन्या तेलाचा साबण करतो, म्हणून थर पुसला की सुटून येतो. एक्झॉस्ट फॅनची पाती, डब्यांची झाकणं, ट्रॉलीचे स्टीलचे रॅक यांनाही हेच. फॅनला हात लावण्याआधी वीज बंद करा. अॅल्युमिनियमला मात्र सोडा लावू नका, ते काळं पडतं. चिमणीची जाळी बहुधा अॅल्युमिनियमचीच असते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो.

गॅसचे पितळी बर्नर चिंचेच्या कोळात तासभर बुडवा, दातांच्या जुन्या ब्रशने घासा, भोकं सुईने मोकळी करा. पूर्ण वाळल्याशिवाय पेटवू नका.

आता नळ. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व घाला. नळाच्या बुडाशी, जिथे पांढरं कडं धरलेलं असतं, तिथे त्या पाण्यात भिजवलेली कापडाची पट्टी घट्ट गुंडाळा. कान जवळ नेला तर बारीक फसफस ऐकू येते, क्षार विरघळायला लागल्याची ती खूण. वीस मिनिटांनी पट्टी काढून ब्रश फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका, नळाची चकाकी जाते. शॉवरची भोकं बुजली असतील तर हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती शॉवरला रबरबँडने बांधा.

ओटा कडप्प्याचा असेल तर लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपासून त्याला जपा. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच कुळातला. नळावरचा थर ज्या पदार्थाचा, त्याच पदार्थाचे हे दगड, त्यामुळे आंबट लागलं की दगडच विरघळतो आणि फिकट डाग कायमचा राहतो. अशा ओट्याला साबणाचं पाणी लावा, कोरडा करा आणि खोबरेल तेलाचा एक हात फिरवा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. फेस बघायला छान वाटतो, पण एकमेकांना मारून दोघंही निकामी होतात. वेगवेगळे वापरा, मध्ये पाण्याने धुवा.

टाइल्सच्या फटीत काळी बुरशी असेल तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी लावा, खिडकी उघडी ठेवून. ते लिंबूसत्वात, व्हिनेगरमध्ये किंवा टॉयलेट साफ करायच्या अॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि आपली बाथरूमं केवढीशी! त्या दिवशी ब्लीच, तर अॅसिडची बाटली दुसऱ्या दिवशी.

एवढं केल्यावर रोजचं काम थोडंच उरतं. शेवटी आंघोळ करणाऱ्याने वायपर ओढायचा आणि नळ कोरड्या फडक्याने पुसायचा. पाणी जागेवर वाळलं नाही तर क्षार धरत नाही. आमच्याकडे हे काम धाकट्याकडे आहे, कारण सगळ्यात उशिरा तोच उठतो.