भिरंडेल आणि कडुनिंबाचं मलम घरी कसं करावं

फुटलेल्या टाचांना भिरंडेल चोळणं कोकणात आणि गोव्यात घरोघरी चालत आलंय. कोकमाच्या बियांचं हे तेल एरवी साबणाच्या वडीसारखं टणक असतं. ते वितळतं 40 अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे अंगाच्या उबेनं जेमतेम मऊ होतं. नुसतं लावायला त्यामुळे जरा कष्ट पडतात. त्यात खोबरेल आणि थोडं मेण मिसळलं की मात्र बोटानं सहज पसरणारं मलम होतं.

हे मलम कोरड्या त्वचेसाठी आहे: साबण-सोड्यानं रखरखलेले हात, थंडीत उललेले कोपर, टाचा, कोरडी खाज. पावसाळ्यात जांघेत किंवा काखेत उठणारे, कडेनं पसरत जाणारे गोल चट्टे बहुतेकदा नायट्याचे असतात. त्यांवर तेलकट थर दिला की घाम आत कोंडतो आणि नायटा वाढतो. तिथे हे मलम नको, त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावं. स्रवणारा इसब, भाजलेली जागा आणि उघडी जखम यांवरही लावू नये.

साहित्य
खोबरेल 100 ग्रॅम, बिनवासाचं, खाण्याचं
भिरंडेल 30 ग्रॅम, किसून
मधमाश्यांचं मेण 12 ग्रॅम
कडुनिंबाचा वाळलेला पाला, दोन मुठी
हळकुंडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, ठेचून

मेण मध काढणाऱ्यांकडून किंवा खात्रीच्या दुकानातून घ्यावं. साधी मेणबत्ती वितळवू नका, ती बहुधा पॅराफिनची असते. शिवाय सगळं वजनावर मोजा; चमच्याच्या अंदाजानं मलम एकदा दगड होतं, एकदा पातळ.

आधी पाला वाळवा
या कृतीत सगळा सांभाळ पाण्याचा आहे. तेलात ओल राहिली की बुरशी येते, आणि बुरशी आलेलं मलम चिडलेल्या त्वचेवर लावण्यापेक्षा काहीच न लावलेलं बरं. पाला धुऊन, निथळून, सावलीत पसरा. चुरगळल्यावर कुरकुर आवाज करत त्याचा भुगा झाला पाहिजे. देठ लवचीक वाटत असेल तर अजून एक दिवस थांबा. भर पावसात हा उद्योग काढूच नये.

ताजाच पाला वापरायचा असेल तर आयुर्वेदातला तेलपाक करावा लागतो. त्याचं ठरलेलं प्रमाण असं: 1 भाग वाटलेला पाला, 4 भाग तेल, 16 भाग पाणी. पाणी आटेपर्यंत मंद आचेवर उकळायचं. तेलावर फेस आला, पाल्याच्या कल्काची बोटांत वात वळता आली आणि ती वात विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, की तेल सिद्ध झालं. परीक्षा अचूक आहे, पण तासन्‌तास उभं राहावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्यानं वाळला पालाच घ्यावा.

तेल मुरवा
पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर कोरडं स्टीलचं भांडं बसवा. त्यात खोबरेल, चुरलेला पाला आणि हळद घाला. आच मंद ठेवून दोन तास जाऊ द्या. तेल कधीच उकळू नये, पाला तळला जाऊन काळा पडू नये. वर झाकण ठेवू नका, वाफेचे थेंब आत पडतात. तेल हिरवट पिवळं झालं की कोरड्या मलमलच्या कापडातून गाळा.

मेण आणि भिरंडेल घाला
भांडं पुसून गाळलेलं तेल परत त्याच वाफेवर ठेवा. आधी मेण घाला, कारण ते 62 ते 64 अंशांना, म्हणजे उशिरा वितळतं. मग भिरंडेल. सगळं एकजीव झालं की थेंबभर मलम गार बशीवर टाकून दोन मिनिटांनी बोट फिरवा. फार घट्ट वाटलं तर चमचाभर खोबरेल, पातळ वाटलं तर चिमूटभर मेण. मुंबईच्या उन्हाळ्यात खोबरेल पातळच असतं, तेव्हा मेण दोन-तीन ग्रॅम जास्त लागतं. थंडीत तेवढंच कमी करा.

धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेल्या काचेच्या बाटलीत ओता. पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नका. निवल्यावर मलम रवाळ लागलं तर परत वितळवून, या वेळी बाटली गार पाण्यात धरून पटकन थिजवा. बाहेरून पाणी आत जाणार नाही याची काळजी घ्या.

लावण्याआधी
कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून 24 तास वाट पाहा. हळदीनं किंवा मेणानं काहींच्या अंगावर पुरळ उठतं. आग झाली, लाल झालं, तर धुऊन टाका आणि ते मलम वापरू नका. रात्री, हात धुऊन पुसल्यावर किंचित ओलसर त्वचेवर चोळावं. हळदीचे डाग पडतात, म्हणून जुने मोजे आणि जुनी चादर बरी.

गार वाटावं म्हणून कापूर किंवा लिंबू घालायचा मोह होतो. लिंबात पाणी असतं आणि ते झोंबतं. कापूर चिडलेल्या त्वचेला आणखी चेव आणतो, आणि तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर तो घातकच, झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळासाठी हे मलमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

काढताना कोरडा चमचा वापरा. अंधाऱ्या, कोरड्या जागी सहा महिने ठीक राहतं. त्याआधीच खवट वास आला तर टाकून द्या.