डोममध्ये कबड्डी बघायला जाताना

जानेवारी 2024 मध्ये प्रो कबड्डी वरळीच्या डोममध्ये आली, तेव्हा आमच्या मंडळाच्या चौदा मुलींना घेऊन मी गेले होते. तेव्हापासून कुठेही कबड्डी, बॅडमिंटन, नाहीतर गाण्याचा कार्यक्रम असला की पालक मला विचारतात, ताई, तिकीट कुठलं काढू, मुलांना कसं नेऊ? एकदाच नीट लिहून ठेवते. मी स्वतः तेरा वर्षं कबड्डी खेळले, कोपरारक्षक म्हणून, म्हणजे बचावाच्या रांगेत अगदी टोकाला उभी राहणारी. त्यामुळे बोलणं कबड्डीकडेच जास्त वळणार.

या जागेचं नाव सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम. नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाच्या आवारात आहे, म्हणून कुणी एनएससीआय म्हणतं, कुणी नुसतं डोम. टॅक्सीवाल्याला ‘हाजीअलीचा डोम’ सांगितलं की पुरतं. आत कायमचं मैदान असं काही नाही, ज्याचा कार्यक्रम त्याचं मैदान आणून अंथरतात. ऑक्टोबर 2019 मध्ये इथेच एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज दोन सामने खेळले, तेव्हा लाकडी कोर्ट होतं. 2020 मध्ये याच छताखाली करोनाच्या रुग्णांच्या खाटा लागल्या होत्या. आमच्या चाळीतल्या दोघांना तिथे ठेवलं होतं. त्यांतले एक काका आता नातवाला घेऊन सामना बघायला येतात आणि आपली खाट कुठे होती ते त्याला बोटाने दाखवतात.

तिकीट काढताना माझं ऐका. बास्केटबॉलचं कोर्ट साधारण 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असतं. पुरुषांच्या कबड्डीचं मॅट 13 बाय 10 मीटर. म्हणजे एवढ्या मोठ्या जागेच्या मधोमध छोटीशी चटई. बास्केटबॉलला जी खुर्ची कोर्टाला खेटून वाटते, ती कबड्डीला लांब पडते. म्हणून जुन्या कार्यक्रमाच्या आठवणीवर खुर्ची निवडू नका, त्या दिवशीचा नकाशा उघडून बघा.

पहिल्या रांगेचा मोह सोडा. 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डीचा पहिलाच सामना इथे झाला, आपला मुंबईचा संघ यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. दादाने हौसेने अगदी खालची, पुढची तिकिटं काढली होती. समोर जाहिरातीचे फलक, कॅमेरे आणि राखीव खेळाडूंचा बाक. खेळाडूंची डोकी दिसायची, पाय दिसायचे नाहीत. आणि कबड्डी तर पायांत असते! चढाईपटू, म्हणजे समोरच्यांच्या अर्ध्यात एकटा शिरणारा, पाय कुठे टाकतो आणि कोपऱ्यातला घोट्यावर कधी झेपावतो, हेच दिसलं नाही तर दोनशे काय, दोन हजार मोजूनही उपयोग नाही. आठ-दहा रांगा वर बसा. तिथून मॅट ताटासारखं पूर्ण दिसतं.

आता बाजू कुठली घ्यायची? मॅटची 13 मीटरची जी लांब बाजू आहे, तिच्या समोर बसलात तर मध्यरेषा, चढाईपटूने ओलांडायची निदान रेषा आणि तिच्या मागची बोनस रेषा या तिन्ही तुमच्या नजरेच्या रेघेत येतात. बोनस झाला की नाही ते पंचांच्या आधी तुम्हाला कळेल. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत, तोही समोर सहा किंवा सात बचावपटू असताना, तरच गुण. मॅटच्या टोकाकडच्या खुर्च्या सहसा स्वस्त असतात. तिथून बोनस नीट कळत नाही, पण एका संघाचा बचाव अगदी पाठीमागून दिसतो. दोन्ही कोपरे कसे पुढेमागे सरकतात, साखळी कशी जुळते, कोण कोणाचा हात सोडतो. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे दुसऱ्या संघाचाही बचाव आपोआप समोर येतो. मुली शिकायला आल्या होत्या म्हणून मी टोकाचीच तिकिटं घेतली, आणि पुन्हा घेईन.

पहिल्यांदा येणाऱ्याला घरूनच थोडं सांगून ठेवा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. एक चढाई तीस सेकंदांची. एका संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. बचावात तीन किंवा कमी उरले असताना पकड झाली तर दोन गुण, तीच अव्वल पकड. सगळे बाद झाले की लोण, दोन गुण जादा. एवढं ठाऊक असलं की शेवटच्या पाच मिनिटांत जीव कसा टांगणीला लागतो ते कळतं.

बंद छताखाली आवाज फार घुमतो. आमच्या वेळी मातीवर, माती चाळून, पाणी मारून, फक्कीच्या रेषा आखून खेळायचो, तेव्हा समोरच्याचा दम ऐकू यायचा. ‘कबड्डी कबड्डी’ कुठे बारीक झालं, कुठे तुटायला आलं, ते कानाने ओळखून मी उडी घ्यायचे. डोममध्ये दहा मिनिटांत ते सगळं ढोल, गाणी आणि किंकाळ्यांत बुडतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. पण मॅटवर एक गोष्ट मातीपेक्षा चांगली दिसते. बुटांमुळे पाय घसरत नाही, त्यामुळे वळण आणि उडी दोन्ही जास्त धारदार होतात. लहान मुलांच्या कानांत कापूस घाला, अगदी तान्ह्याला नेऊच नका. वयस्करांसाठी शाल हवीच. सभागृह भरेपर्यंत एसी अंगावर येतो.

जायचं कसं? पश्चिम रेल्वेचं महालक्ष्मी स्टेशन. तिथून केशवराव खाड्ये मार्गाने रेसकोर्सच्या कडेने हाजीअलीच्या सिग्नलपर्यंत या, मग वरळीकडे जाणाऱ्या लाला लजपतराय मार्गाने. चालायची सवय असेल तर अर्ध्या तासात पोहोचाल. म्हातारं माणूस बरोबर असेल तर स्टेशनबाहेरून टॅक्सी करा. पावसाळ्यात चालण्याचा हट्ट धरू नका, हाजीअलीला पाणी साचतं. खाणं आधीच उरका, बाहेरचे डबे आणि बाटल्या दारावर काढून घेतात. स्टेशनबाहेर वडापाव खाऊन निघणं बरं.

मुलांना नेत असाल तर मनगटावर पेनाने तुमचा मोबाइल नंबर लिहा. आत गर्दीत फोन लागत नाही, म्हणून भेटायची जागा आत शिरतानाच दाखवून ठेवा. ‘गेटपाशी’ असं सांगू नका, कारण गेटं बरीच आहेत. आकडा किंवा पाटी दाखवा. दोन सामने असतील तर बाहेर पडायला रात्रीचे दहा उलटतात आणि सगळे एकदम टॅक्सीमागे धावतात. शिट्टी वाजल्यावर दहा मिनिटं खुर्चीतच बसून राहा. खेळाडू मॅटवर अंग सैल करत असतात, मुलींना तेही बघू द्या.

2014 चा प्रो कबड्डीचा अंतिम सामना आपला यू मुंबा इथेच जयपूरकडून 35-24 असा हरला, आणि 2015 ला याच डोममध्ये बंगळुरू बुल्सला 36-30 ने हरवून तोच विजेता झाला. त्या रात्री दादा आणि मी हाजीअलीपासून चालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशीचंही आधीच ठरवून ठेवा. आमच्या मैदानावर मी प्रत्येकीला काल बघितलेली एकच हालचाल करून दाखवायला सांगितली. चौदांपैकी नऊ जणींनी चढाई दाखवली. पाच जणी डाव्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, उजवा पाय मागे, हात गुडघ्याच्या खाली.