सायकलिंग स्टुडिओचं सॉफ्टवेअर बदलताना: आधी शिल्लक राईड्स मोजा

पुण्यात बाणेर, औंध किंवा कोरेगाव पार्कातल्या इनडोअर सायकलिंग स्टुडिओत तुम्ही फ्रंट डेस्कवर किंवा मॅनेजर म्हणून रुजू झालात आणि मालक म्हणाले, "सॉफ्टवेअर बदलायचंय, तेवढं बघून घ्या," तर लगेच डेमो बघायला बसू नका. डेमोत सगळीच सॉफ्टवेअर देखणी दिसतात. आधी जुन्या सिस्टिममधून एक आकडा काढा: सगळ्या मेंबरांच्या मिळून किती राईड्स, म्हणजे पैसे भरलेले क्लास, शिल्लक आहेत? दहाच्या पॅकमधल्या सहा झाल्या, चार उरल्या. त्या चारांचे पैसे स्टुडिओने कधीच घेतलेत, म्हणजे ती उधारी आहे. ही उधारी एका वहीतून दुसऱ्या वहीत पै-पैशाने जुळवून न्यायची, एवढंच या कामाचं मर्म.

जुन्या कंपनीचा करार त्याच दिवशी वाचा. नोटीस किती दिवसांची, करार आपोआप वाढतो का आणि बंद केल्यावर डेटा किती दिवस उतरवता येतो, या तीन गोष्टी बघा. बहुतेक सिस्टिममधून मेंबरांची यादी सहज निघते. सही केलेले जोखीम-संमतीचे फॉर्म, फ्रीझचा, म्हणजे मेंबरशिप मध्येच थांबवल्याचा, इतिहास आणि नोंदीचा रकाना मात्र बरेचदा मागेच राहतो. त्या रकान्यातच सीटची उंची, बुटाचा नंबर, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय" अशा कामाच्या गोष्टी असतात. आरोग्याच्या नोंदी असलेली फाइल स्टुडिओच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

मग येते सीएसव्ही फाइल, म्हणजे जुन्या सिस्टिममधून उतरवलेला साधा तक्ता. इथे घोटाळे ठरलेले असतात. 91 लावलेला मोबाइल नंबर बारा आकडी होतो. एक्सेल तो 9.19ई+11 असा दाखवतं आणि तसाच सेव्ह केला की शेवटचे आकडे कायमचे गेले. म्हणून फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेलमध्ये इम्पोर्ट करताना नंबरचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा. तारखांचा घोळ याहून वाईट. अमेरिकी पद्धतीची सिस्टिम 7/10 म्हणजे 10 जुलै वाचते. 25/10 ला निदान चूक दाखवते, कारण पंचविसावा महिना नसतो. बारापर्यंतच्या तारखा मात्र गुपचूप उलटतात आणि कुणाचा पॅक तीन महिने आधीच संपतो. सगळ्या तारखा वर्ष-महिना-दिवस अशा करून घ्या. देवनागरीतल्या नावांसाठी फाइल यूटीएफ-8 या सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या प्रकारात सेव्ह करा, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

नवरा-बायकोने एकच ईमेल दिलेला असतो, हे पुण्यात फारच दिसतं. नवी सिस्टिम ईमेलवरून माणूस ओळखत असेल तर दुसरं नाव पहिल्याला पुसून टाकतं आणि दोघांच्या राईड्स एकाच्या खात्यात जातात. इम्पोर्टच्या आधी ईमेल आणि मोबाइलचे दुबार शोधा, फोन करून वेगळे करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

आता पैशांचं. दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, जुन्या पेमेंट गेटवेशी, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेशी, बांधलेली असते. ती सहसा नव्या ठिकाणी नेता येत नाही. कार्ड नंबर साठवायलाही दुकानदाराला 1 ऑक्टोबर 2022 पासून मनाई आहे. म्हणजे प्रत्येक मेंबरकडून यूपीआय ऑटोपे किंवा कार्ड मँडेट नव्याने घ्यायचं. 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. त्यावरच्या रकमेला लागतो. रक्कम कितीही असो, कपातीच्या किमान 24 तास आधी मेंबरला सूचना जावी लागते. बदलाचा दिवस महिन्याची कपात झाल्यावर लगेचचा ठेवा, म्हणजे नवी मँडेट गोळा करायला तीनेक आठवडे मिळतात. क्यूआर कोड बूट काढायच्या बाकापाशी लावा. क्लास संपला की तिथेच लोक पाच मिनिटं बसतात. ज्याचं नवं मँडेट झालं त्याचं जुनं त्याच दिवशी रद्द करा, नाहीतर दोनदा पैसे कापले जातील आणि सकाळी सहाला काउंटरवर तोच विषय असेल.

जीएसटीचा दर नव्या सिस्टिममध्ये स्वतः तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून फिटनेस सेंटरच्या सेवेवरचा कर 18 वरून 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घ्यायची सोय, गेलं. सॉफ्टवेअर कंपनीच्या बिलावरचा 18 टक्के कर आता थेट खर्चात धरायचा, म्हणून कोटेशनची तुलना करासकट करा. त्या तारखेआधी बिल झालेल्या आणि पैसे आलेल्या पॅकचा परतावा द्यायचा असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे जुन्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद, जुन्याच दराने निघेल. नवी सिस्टिम बिल क्रमांक एकपासून सुरू करते. एकाच आर्थिक वर्षात तोच क्रमांक पुन्हा चालत नाही, तेव्हा मालिकेला वेगळं आद्याक्षर द्या. क्रमांक 16 अक्षरांच्या आत हवा. हे सीएला आधी दाखवा.

टाइम झोनही बघा. सिस्टिम यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, राहिली आणि पॅकची मुदत शेवटच्या दिवशी 00:00 ला संपते असं धरलं, तर आपल्याकडे तो पॅक पहाटे साडेपाचला मरतो. सहाच्या बॅचला आलेल्या माणसाला दार बंद. झोन 'एशिया/कोलकाता' करा आणि मुदत दिवसाच्या शेवटी संपते ना, ते एका खोट्या मेंबरवर तपासून बघा.

सायकलींचा नकाशा भरताना पडद्यावरचा क्रमांक आणि सायकलीवरचा स्टिकर एकच हवा. लोकांची सायकल ठरलेली असते. एसीखालची सात नंबर दुसऱ्याला गेली तर सिस्टिम कितीही चांगली असो, शिव्या तुम्हालाच. दुरुस्तीतली सायकल ब्लॉक करा. क्लासच्या नावात 'स्पिनिंग' शब्द वापरायच्या आधी परवाना आहे का ते विचारा, तो नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. एसएमएसचे मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, मंजूर करून घ्यायला वेळ लागतो, तो अर्ज आधीच टाका.

दोन्ही सिस्टिम दोन आठवडे समांतर चालवा, असा सल्ला मिळतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तो ठीक. इथे एकच सायकल दोनदा विकली जाते. त्यापेक्षा वीस मेंबर निवडून तालीम करा, आणि मुद्दाम अवघड निवडा: फ्रीझवर असलेला, थकबाकीदार, हिंजवडीच्या कंपनीच्या पॅकवर येणारी, गिफ्ट कार्डवाला, वेटलिस्टवर अडकलेली.

प्रत्यक्ष बदल रविवारी संध्याकाळी शेवटच्या बॅचनंतर करा. गुरुवार टाळा, पुण्यात वीज-पाण्याच्या देखभालीची कामं त्याच दिवशी निघतात. जानेवारीचा पहिला पंधरवडा नवीन भरतीत जातो. गणेशोत्सवात क्लास रिकामे दिसतात म्हणून मोह होतो, पण तेव्हाच फ्रीझच्या विनंत्या येतात आणि मुदती रोज बदलतात. बदलाच्या दिवसापुढची बुकिंग जुन्या सिस्टिममध्ये आठवडाभर आधीच बंद करा. रविवारी पुन्हा ताजी फाइल उतरवा, इम्पोर्ट करा, आणि शिल्लक राईड्सची बेरीज जुन्याशी ताडून बघा. एकाचा जरी फरक आला तरी तो सापडेपर्यंत सोमवारची बुकिंग उघडू नका.

सोमवार ते बुधवार काउंटरवर छापील यादी ठेवा: नाव, सायकल क्रमांक, शिल्लक राईड्स, मुदत. वाय-फाय गेलं तर पेनाने खूण करा. तक्रार आलीच तर वाद न घालता राईड द्या, वहीत लिहा आणि दुपारी जुन्या नोंदीशी पडताळा.

जुनी सिस्टिम नव्यातली दुसरी मासिक कपात नीट पार पडेपर्यंत फक्त बघण्यापुरती चालू ठेवा. ती बंद करण्याआधी सगळी बिलं पीडीएफमध्ये उतरवून सीएकडे एक प्रत द्या. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात.