बोटांनी छेडलेली गिटार आणि वाइन : जोडी कशी जुळवावी

नखी बाजूला ठेवून गिटार उजव्या हाताच्या बोटांनी वाजवली जाते, तेव्हा अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो आणि तर्जनी, मध्यमा व अनामिका वरच्या तारांवर धून गुंफत जातात. एकाच वाद्यातून दोन-तीन आवाज एकत्र ऐकू येतात, आणि तरीही सारे इतके हळुवार असते की बाजूला चमचा वाजला तरी रसभंग होतो. अशा संगीताबरोबर कोणती वाइन घ्यावी, हे ठरवताना बहुतेक जण ‘उदास धून असेल तर लाल वाइन, आनंदी असेल तर पांढरी’ अशा ढोबळ हिशेबाने जातात. माझ्या मते हा हिशेब मुळातच अपुरा आहे. छेडलेल्या तारेचा सूर उमटल्याक्षणी ठळक असतो आणि मग विरत जातो. वाइनचा घोटही जिभेवर आधी ठसतो, मग पसरतो आणि गिळल्यानंतर काही काळ रेंगाळतो. सुराची आस, म्हणजे छेडल्यानंतर तो घुमत राहण्याचा काळ, किती लांब आहे आणि चव किती वेळ टिकते, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळवल्या की जोडी बहुधा जमते. या लेखातील पायऱ्या त्याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

संगीताचा चवीवर परिणाम होतो, ही केवळ रसिकांची कल्पना नाही. मानसशास्त्रज्ञ एड्रियन नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील एका सुपरमार्केटात केलेला प्रयोग 1997 साली प्रसिद्ध झाला. दुकानात फ्रेंच संगीत लावलेल्या दिवशी फ्रेंच वाइन अधिक खपली, जर्मन संगीत लावलेल्या दिवशी जर्मन वाइन. आणि आपल्या निवडीमागे संगीत होते, हे बहुतेक ग्राहकांच्या ध्यानीही आले नव्हते. नॉर्थ यांच्याच पुढच्या एका अभ्यासात, भारदस्त संगीत ऐकत वाइन पिणाऱ्यांना तीच वाइन अधिक भारदस्त वाटल्याचे आढळले. ऑक्सफर्डमधील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांनीही सूर आणि चव यांच्या नात्यावर बरेच काम केले आहे. माणसे साधारणपणे तार सप्तकातले सूर गोड व आंबट चवींशी आणि खर्जातले सूर कडवटपणाशी जोडतात, हा त्यातून पुढे आलेला एक निष्कर्ष आहे. जोडी लावताना तो हाताशी ठेवावा.

आधी संगीत निवडावे आणि ते कोरडेच ऐकावे

बाटली उघडण्यापूर्वी निवडलेली रचना एकदा पूर्ण ऐकावी आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, आघात : नख तारेला लागल्याचा आवाज टोकदार आहे की बोटाच्या मांसल भागाने काढल्यासारखा गोल. दुसरी, अंगठ्याचे काम : खर्ज भरीव आणि सतत आहे की अधूनमधून डोकावणारा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आस : सूर लगेच मिटतो की पुढच्या सुरांवर सावलीसारखा पसरून राहतो. यातील बराच भाग वाद्याच्या घडणीवर अवलंबून असतो. फ्लामेंको या स्पॅनिश संगीतप्रकारासाठीच्या पारंपरिक गिटारीची पाठ व बाजू सायप्रसच्या हलक्या लाकडाच्या असतात, त्यामुळे तिचा सूर झणझणीत उठतो आणि चटकन विरतो. अभिजात गिटारीला अनेकदा रोजवुड वापरतात. तिचा सूर अधिक गोल आणि लांब राहतो. पोलादी तारांच्या गिटारीची आस याहूनही लांब असते आणि तिच्या झंकाराला धातूची धार असते.

आवाज मोठा ठेवू नये. खोलीतील दोन माणसांचे सावकाश बोलणे ज्या पातळीवर ऐकू येते, तेवढा पुरेसा आहे. पंखा शक्य तेवढा मंद करावा, कारण त्याची घरघर नेमकी खर्जाच्या सुरांना खाऊन टाकते.

मग वाइनचे तेच तीन गुण ओळखावेत

आघाताच्या जागी वाइनमध्ये आंबटपणा येतो, जो जिभेच्या कडांना लाळ सुटल्यावर कळतो. खर्जाच्या जागी वाइनचे अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा तिचा भरीवपणा, आणि टॅनिन येतात. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरलेला तो तुरटपणा, ज्याने हिरड्या आवळल्यासारख्या होतात. आसेच्या जागी गिळल्यानंतर रेंगाळणारी चव येते. ती मोजण्यासाठी घोट गिळावा, नाकाने सावकाश श्वास सोडावा आणि चव पूर्ण विरेपर्यंत मनात आकडे मोजावेत. साध्या वाइनची चव पाच-सहा आकड्यांत संपते, उत्तम वाइनची त्याच्या कितीतरी पुढे जाते.

हे एवढे कळले की जोडणीचा नियम सोपा होतो : टोकदार आघाताला तरतरीत आंबटपणा, भरीव अंगठ्याला भरीव अंग आणि लांब आसेला लांब रेंगाळणारी चव. याला माझा एकच अपवाद आहे. पोलादी तारांच्या संगीताबरोबर फार तुरट लाल वाइन घेऊ नये. तारेची धार आणि टॅनिनची पकड एकत्र आली की दोन्ही कर्कश होतात.

सुरुवात अंदालुसियापासून करावी

हा प्रयोग प्रथमच करणाऱ्याने दक्षिण स्पेनमधील अंदालुसिया हा प्रांत निवडावा, कारण तिथे फ्लामेंको गिटार आणि शेरी एकाच मातीत वाढल्या आहेत. शेरी ही मद्यार्क मिसळून तीव्र केलेली वाइन हेरेस दे ला फ्रोन्तेरा, एल पुएर्तो दे सान्ता मारीया आणि सानलूकार दे बारामेदा या तीन गावांच्या परिसरात, मुख्यतः पालोमिनो या पांढऱ्या द्राक्षापासून तयार होते. तेथील आल्बारिसा नावाची चुनखडीची पांढरी माती हिवाळ्यातील पावसाचे पाणी धरून ठेवते आणि कोरड्या उन्हाळ्यात वेलींना पुरवते.

शेरीचे प्रकार समजून घेणे हाच या जोडणीचा गाभा आहे. वाइनमध्ये द्राक्षाचे मद्यार्क मिसळून तिची तीव्रता सुमारे 15 टक्क्यांवर आणली, तर पिंपातील वाइनवर ‘फ्लोर’ नावाचा यीस्टचा पांढुरका थर वाढतो. हा थर वाइनला हवेपासून वाचवतो, आणि त्यातून फिकट, पूर्ण कोरडी म्हणजे गोडवा नसलेली, खारवलेल्या बदामाची आठवण देणारी फिनो तयार होते. तीव्रता 17 टक्क्यांच्या वर नेली तर फ्लोर जगत नाही. वाइनला हवा लागत राहते, ती तांबूस होते, अक्रोडासारखी दाट चव येते आणि तिला ओलोरोसो म्हणतात. या दोहोंच्या मध्ये अमोन्तियादो आहे : तिचे पहिले आयुष्य फ्लोरखाली जाते आणि दुसरे हवेच्या सहवासात.

आता संगीताकडे वळू. हेरेसशी ज्याचे नाव घट्ट जोडलेले आहे तो बुलेरिआस हा फ्लामेंकोचा वेगवान प्रकार बारा मात्रांचा असतो. आपल्या एकतालातही बारा मात्रा असतात, पण तिथे त्या दोन-दोनच्या सहा समान भागांत बसतात. बुलेरिआसमध्ये जोर 12, 3, 6, 8 आणि 10 या मात्रांवर पडतो, म्हणजे दोन लांब पावलांनंतर तीन आखूड पावले. त्यात बोटांनी गिटारीच्या पोटावर मारलेली ‘गोल्पे’ ही थाप येते. सूर लगेच मिटतात, त्यामुळे मधली शांतताही तालाचा भाग होते. याला फिनोच हवी. तिच्यात गोडवा औषधालाही नसतो आणि प्रत्येक घोट जीभ स्वच्छ करून जातो. कादिस या बंदराच्या गावच्या आलेग्रिआस या फ्लामेंको प्रकाराला सानलूकारची मान्सानिया द्यावी, जी फिनोसारखीच पण ग्वादालकिविर नदीच्या मुखाशी, समुद्राच्या दमट हवेत मुरलेली असते. फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसीआ (1947–2014) हे याच कादिस प्रांतातील आल्खेसिरासचे. त्यांचे कोणतेही वेगवान एकलवादन या दोन वाइनबरोबर लावून पाहावे. सोलेआ ही फ्लामेंकोतलीच आणखी एक चाल मात्र संथ आणि जड असते, तिच्यात अंगठा खर्जावर थांबून थांबून बोलतो. तिच्यासाठी ओलोरोसो राखून ठेवावी.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटणारी जोडी म्हणजे अमोन्तियादो आणि स्पॅनिश गिटारवादक-संगीतकार फ्रान्सिस्को तार्रेगा (1852–1909) यांची ‘रेक्वेर्दोस दे ला आल्हाम्ब्रा’ ही रचना. यात अंगठा खालचे सूर एकेक करून मांडत जातो आणि प्रत्येक सुरानंतर अनामिका, मध्यमा, तर्जनी या क्रमाने एकाच तारेवर इतक्या लगबगीने फिरतात की तुटक सुरांची अखंड रेघ झाल्याचा भास होतो. रचनेचा पहिला भाग ए मायनर या उदास छटेच्या स्वरमालेत आहे, दुसरा ए मेजर या उजळ छटेच्या. वाइन कशी घ्यावी ते सांगतो. रचना सुरू झाल्यावर लगेच पिऊ नये. ग्लास नुसता नाकाशी धरावा. मायनरचा भाग रंगात आला की छोटा घोट घ्यावा : आधी फिनोची खारट, टोकदार बाजू जाणवेल. मग थांबावे. धून मेजरमध्ये उघडते तेव्हा दुसरा घोट घ्यावा आणि त्या वेळी अक्रोडाच्या, जुन्या लाकडाच्या उबदार बाजूकडे लक्ष द्यावे. वाइन तीच असते, पण लक्ष कुठे द्यायचे हे संगीत ठरवते, आणि दोन आयुष्ये जगलेल्या वाइनला दोन छटांची रचना फार शोभते.

लाल वाइनच्या जोड्या

स्पॅनिश संगीतकार इसाक आल्बेनिस यांची ‘आस्तुरियास’ मुळात पियानोसाठी लिहिलेली आहे, पण आज ती गिटारचीच वाटते. तिची धून अंगठा खालच्या तारांवर वाजवतो आणि वरची एक तार सतत ठणकत राहते. खर्जात धून असल्यामुळे इथे भरीव लाल वाइन चालते. स्पेनमधील रिओहा भागातील तेम्प्रानियो द्राक्षाची ‘क्रियान्सा’ घ्यावी. या दर्जाची लाल वाइन बाजारात येण्यापूर्वी किमान दोन वर्षे मुरलेली असते, त्यातले निदान एक वर्ष ओकच्या पिंपात.

अमेरिकेतील मिसिसिपीचे जॉन हर्ट यांचे वादन याच्या अगदी उलट आहे. त्यांनी 1928 साली ध्वनिमुद्रणे केली, नंतर ते शेतीकडे परतले आणि 1963 साली संगीतप्रेमींनी त्यांना पुन्हा शोधून काढले. त्यांचा अंगठा दोन तारांवर घड्याळासारखा आळीपाळीने फिरतो, आणि वरची धून मात्र गप्पा मारल्यासारखी सहज येते. याला भारदस्त वाइन दिली तर संगीतच दबून जाते. फ्रान्समधील बोजोले भागातल्या गामे द्राक्षाची हलकी, रसाळ, कमी तुरट लाल वाइन थोडी थंड करून घ्यावी.

पोर्तुगालमधील कोइंब्राचे कार्लोस पारेदेस (1925–2004) बारा तारांची पोर्तुगीज गिटार वाजवत. तिची लांब, थरथरती आस आणि पिंपात वर्षानुवर्षे मुरलेली टॉनी पोर्ट ही पोर्तुगालची गोड, मद्यार्क मिसळलेली वाइन हे एकमेकांसाठीच आहेत. गोव्यात आजही फादो हा याच गिटारीच्या साथीचा पोर्तुगीज गानप्रकार गायला जातो, त्यामुळे हे वाद्य तिथल्या रसिकांना परके नाही. मात्र गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी स्वस्त गोड लाल वाइन ही दोउरू खोऱ्यातील पोर्ट नव्हे, आणि या संगीतापुढे ती टिकत नाही.

आपल्याकडे मिळेल त्यातून

शेरी महाराष्ट्रात सहज मिळत नाही आणि मिळाली तर महाग पडते. नाशिकची कोरडी सोव्हिन्यो ब्लाँ ही फिनोची जागा पूर्णपणे घेणार नाही, पण वेगवान आणि टोकदार वादनाला ती उत्तम साथ देते. तिथलीच शेनाँ ब्लाँ बहुधा किंचित गोडसर असते. नायलॉनच्या तारांवरील संथ, गोल सुरांच्या रचनांना ती शोभते. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या परिसरात पिकणाऱ्या सांजोवेझे द्राक्षाची लाल वाइन ‘आस्तुरियास’बरोबर निःशंक लावावी.

तापमान, ग्लास आणि खाणे

फिनो व मान्सानिया 7 ते 9 अंश सेल्सिअस, इतर पांढऱ्या वाइन 8 ते 10, अमोन्तियादो व ओलोरोसो 12 ते 14, हलकी लाल 12 ते 14 आणि भरीव लाल 16 ते 18 अंशांवर द्यावी. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशांतला आहे. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात तो पाळला तर वाइन नुसती दारूसारखी झोंबते. म्हणून लाल वाइनची बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. तोंडाशी निमुळता होणारा पांढऱ्या वाइनचा ग्लास शेरीलाही चालतो. एका रचनेसाठी 60 ते 75 मिलिलिटर पुरे, आणि एका बैठकीत तीनहून अधिक वाइन ठेवू नयेत, कारण त्यानंतर जीभ आणि कान दोन्ही थकतात.

क्रम हलक्याकडून भरीवाकडे, कोरड्याकडून गोडाकडे असावा, आणि वादनही तसेच लावावे. खाण्यात खारे बदाम, ऑलिव्ह, मऊ चीज ठेवावे. तिखट फरसाण टाळावे. मद्यार्कामुळे तिखट अधिक भाजते आणि वाइनची चव उरत नाही. चकली किंवा वेफर्सही नकोत, कारण ते चावताना होणाऱ्या आवाजात आपल्याच कानाला हळुवार सूर ऐकू येत नाहीत.

जोडी जमली का, हे कसे तपासावे

एक घोट वाइन ठेवून तिच्याबरोबर मुद्दाम विसंगत रचना लावावी. उदाहरणार्थ, ओलोरोसोबरोबर बुलेरिआस. जी वाइन मघाशी खोल वाटली ती आता संथ, जड वाटू लागली, तर आधीची जोडी खरोखर जमली होती. काहीच फरक जाणवला नाही, तर संगीत फार मोठ्या आवाजात होते का, वाइन फार थंड होती का, हे आधी पाहावे, कारण अति थंड वाइनची चव रेंगाळतच नाही. जमलेल्या जोडीची नोंद वहीत करताना वाइनचे नाव, तापमान, वादक आणि ध्वनिमुद्रण एवढे लिहावे. एकच रचना दोन वादक वेगळ्या नखाने, वेगळ्या गतीने वाजवतात आणि त्याबरोबर जोडीही बदलते.

उरलेली फिनो बूच लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि आठवडाभरात संपवावी, कारण हवा लागली की तिचा तजेला लवकर जातो. ओलोरोसो मुळातच हवेत मुरलेली असल्याने कित्येक आठवडे टिकते, तेव्हा तिच्यासाठी पुढच्या बैठकीत दुसरी एखादी सोलेआ निवडायला सवड असते.